दुसऱ्या खुर्चीचं आमंत्रण

१

निपाणीबाहेर हायवेला लागून एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या बायकांच्या वॉर्डात अठ्ठावीस खाटा आणि दाराजवळच्या टेबलामागे तीन खुर्च्या. खुर्च्या तीन सिस्टरांसाठी. पण मंजुश्री आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन तिथं आली त्या दिवसापासून तिनं त्यातल्या एकाही खुर्चीवर कुणाला टेकलेलं पाहिलं नव्हतं. दोन खुर्च्यांना माणूसच नव्हतं, आणि तिसरीच्या माणसाला बसायला सवड नव्हती.

त्या माणसाचं नाव रचना सिस्टर. निपाणीचीच, तिशीतली, टाचांना चिकटपट्ट्या लावून दिवसभर चालणारी. सकाळी आठला यायची. नियमानं दोन वाजता तिची ड्युटी संपायची. दोन वाजता ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची, मग दाराकडं बघायची, आणि पुन्हा कामाला लागायची. दोनची सिस्टर येत नव्हती, कारण दोनची सिस्टर नव्हतीच. असं रात्री आठपर्यंत. मग पुरुषांच्या वॉर्डातला एक ब्रदर दोन्हीकडं मिळून बघायचा.

दाराशी पाळ्यांचा फळा होता, कन्नडमध्ये लिहिलेला. पहिल्या ओळीत रचनाचं नाव, खालच्या दोन्ही ओळींत एकच शब्द. मंजुश्री बेळगावच्या वडगावची, विणकरांच्या घरातली. तिला कन्नड वाचता येत होतं.

"काय लिवलंय गं त्यात?" नऊ नंबरच्या खाटेवरून बोरगावच्या तानीबाईंनी विचारलं.

"खाली."

"खाली म्हंजे? खाली बसलीया व्हय ती? कवाधरनं?"

"तसं नव्हं, आजी. कन्नडात खाली म्हणजे रिकामी. जागा रिकामी हाय."

"मंग असं सांग की! मी आपली खाटंखाली वाकून बघाय लागले."

"सापडली तर हाक मारा, आजी," सलाईनची बाटली घेऊन पळता पळता रचना सिस्टर म्हणाली. "धरून ठेवा. सोडायची नाही."

वॉर्ड हसला. हसणं झाल्यावर पुन्हा पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

तानीबाईंच्या आधी नऊ नंबरला दुसरी एक बाई होती. ती सोमवारी गेली. तिला उलटी झाली आणि ती घशात अडकली, त्या वेळी रचना सिस्टर बाविसाव्या खाटेपाशी होती. धावत येईपर्यंत संपलं होतं. कुणी मोठ्यानं रडलं नाही. चादर बदलली, गादी पुसली, आणि संध्याकाळी तानीबाईंना तिथं आणून ठेवलं. मंजुश्रीनं ते सगळं बघितलं आणि आपल्याला काहीच कसं वाटलं नाही, याचं तिला पुढे दोन दिवस नवल वाटत राहिलं.

२

मंजुश्रीची बहीण राजाबाई सतरा नंबरला होती. मंजुश्री तिला आक्का म्हणायची. आई गेली तेव्हा मंजुश्री चार वर्षांची होती. आक्कानं हातमागावर साड्या विणून तिला वाढवलं, तिचं लग्न लावलं, स्वतःचं करायचं राहून गेलं. बोरगावात नातलगाकडं बारशाला गेली असता ती पाळण्याशीच कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे मिटलेले ते मिटलेलेच.

डॉक्टर रोज दहा मिनिटं यायचे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "हा एक आठवडा काढला तर शुद्धीवर येतील. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नळीतून हळूहळू पेज द्यायची. चुकलं तर छाती भरेल. सिस्टर सांगतील."

सिस्टरांनी एकदा दाखवलं. बाकीचं मंजुश्री करत होती. खाटेशेजारी खाली चटई टाकून ती रात्रंदिवस तिथंच राहत होती. नवरा किशन यंत्रमाग बंद असेल त्या दिवशी येऊन जायचा.

तिनं देवीला पाच शुक्रवार बोलले होते. दर शुक्रवारी एका सवाष्णीला जेवू घालायचं. पहिला शुक्रवार दवाखान्यातच उजाडला. तिनं कँटीनमधून भात-आमटी आणली, पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि ती रचना सिस्टरकडं गेली.

"सिस्टर, आज माझी सवाष्ण तुम्ही. चार घास खावा."

रचनाच्या गळ्यातल्या ओळखपत्रामागे बुद्धाचं लहानसं चित्र असायचं. ते मागे सारून ती इंजेक्शन भरत होती. "जेवायला माझी ना नाही, ताई. पण बसू कधी? माझ्या वाटचं त्या दुसऱ्या खुर्चीला वाढा. ती बिचारी कधीची उपाशी आहे."

ती थट्टेनं म्हणाली. पण मंजुश्रीला पटलं. त्यांच्या घरात तशी रीतच होती. बोलावलेली सवाष्ण आली नाही तर तिच्या पाटावर मूठभर तांदूळ ठेवायचे, त्यावर सुपारी मांडायची, हळदकुंकू लावून तिच्या नावानं बोलवायचं. जेवण झालं की सुपारी हलवून तिला जायला सांगायचं. ही रीत आक्कानंच शिकवली होती, आणि वर बजावलंही होतं, "नाव घेऊन बोलवावं, मंजे. नुसतं बाई म्हटलं तर कुठली बाई यायची?"

"आजी, त्या दुसऱ्या सिस्टरचं नाव काय होतं?"

"कोण, ती बंगळूरला गेली ती? आक्का म्हनायचे सगळे. मागल्या खेपंला आलते तवा व्हती. लई मायाळू. नाव कोन इचारतंय?"

दोन वाजत आले होते. रचना सिस्टर पडद्याआड होती. मंजुश्रीनं दुसऱ्या खुर्चीवर तांदूळ ठेवले, सुपारी मांडली, बोट कुंकवात बुडवून टेकवलं. समोर अठ्ठावीस खाटा. कुठं कुणी पाणी मागत होतं, कुणी नुसतंच कण्हत होतं. तिचे डोळे भरून आले. बऱ्याच दिवसांनी भरले.

"आक्का," ती म्हणाली, "तुझी जागा मांडलीय. ये, बस. या सगळ्यांचं बघ."

घड्याळाचा काटा दोनवर आला. खुर्ची करकरली. लाकूड उन्हानं करकरतंच.

सुपारी हलवायची राहिली. सतरा नंबरला वळवायची वेळ झाली होती.

३

शनिवारी दुपारी चार नंबरचं सलाईन संपत आलेलं मंजुश्रीला दिसलं. ती सिस्टरला हाक मारायला उठली, आणि दारापर्यंत जाऊन परत येते तो नवी बाटली लागलेली होती. रचना सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी रक्तदाब मोजत होती.

मंजुश्रीनं हिशोब लावला. आपलीच बघण्यात चूक झाली असेल. किंवा नातेवाइकांपैकी कुणी लावली असेल. आता बायका काय काय शिकल्या होत्या. गरज सगळं शिकवते.

रविवारी तिला आणखी दिसलं. ज्यांच्याजवळ कुणीच नव्हतं अशा सहा बाया होत्या. दोन ते आठच्या दरम्यान त्या साऱ्या कुशीवर वळवलेल्या असायच्या, पाठीला पावडर, उशा सरळ. वळवताना मात्र कुणी दिसायचं नाही. तुम्ही बघत असलात की काही होत नसे. तुम्ही मान फिरवलीत, नळाला पाणी आणायला गेलात, शिंक आली म्हणून डोळे मिटलेत, की झालेलं असायचं.

"आजी, तुमची वेणी कुणी घातली?"

"आक्कानं," तानीबाई म्हणाल्या.

"कुठल्या आक्कानं?"

"आता तिला काय मी नाव इचारत बसू? दुपारचं डोळं मिटून पडले व्हते. हात लई थंड गं तिचा. पर हलका. आन् ह्यो अंगठा," तानीबाईंनी स्वतःचा अंगठा चोळून दाखवला, "लाकडागत. काम केलेला हात हाय. तुज्यासारखा न्हाय, मऊ मऊ."

वेणीच्या टोकाला गॉजची पट्टी बांधलेली होती. लहानशी, चपटी, बोटाला लागणारसुद्धा नाही अशी गाठ. मंजुश्रीला ती गाठ ओळखीची वाटली. मग तिनं स्वतःलाच समजावलं, गाठीसारखी गाठ.

४

रचना सिस्टरला मात्र काही वेगळं वाटत नव्हतं. तेच मंजुश्रीला सगळ्यांत विचित्र वाटलं.

सोमवारी अडीच वाजता रचना पहिल्या खुर्चीवर बसली. बसली आणि डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडताना मान वर न करता ती शेजारी म्हणाली, "बावीसचं झालं?"

मग जरा थांबली, ऐकल्यासारखी. मान डोलावली. "बरं. मग सहाला एकदा बघा."

"कुणाशी बोलताय, सिस्टर?" मंजुश्रीनं विचारलं.

रचनानं वर बघितलं. तिचे डोळे झोपेतून उठवल्यासारखे होते. "कुणाशी? सवय हो, ताई. चार वर्षं शेजारी माणूस होतं. जीभ विसरत नाही." मग दुसऱ्या खुर्चीतल्या तांदळाकडं हनुवटीनं खूण करून ती हसली. "तुमची सुपारी पगार न घेता काम करते वाटतं. ऑफिसला कळू देऊ नका. उरलेली जागाही सुपारीनंच भरतील."

"काढून ठेवू का?"

"असू दे. मला काय त्रास आहे?" तिनं घास तोंडात टाकला, आणि चावता चावता ड्रॉवर ओढून एक घडी घातलेला कागद दाखवला. "हा बघा राजीनामा. दोन महिन्यांपूर्वी लिहिलाय. मागल्या सोमवारी ती बाई माझ्या हातून गेली तेव्हा तारीख घालणार होते. आज म्हटलं, राहू दे अजून. ह्या चार दिवसांत एक माणूस गेलं नाही, ताई. कसं झालं ते विचारायचीसुद्धा ताकद नाही मला. नाही गेलं, बस्स."

ड्रॉवर लावला. तिनं भाकरी संपवली, शेवटच्या घासापर्यंत. मंजुश्रीला वाटलं, देवीनं ऐकलं. सवाष्ण कुठूनही का येईना, आली.

तिनं सुपारीला ताजं कुंकू लावलं.

५

त्याच संध्याकाळी तिनं आक्काचं अंग पुसलं. पायाशी आली आणि थबकली.

तळवे काळे झाले होते. अनवाणी दिवसभर फिरणाऱ्या माणसाचे होतात तसे, टाचेला आणि चवड्याला गडद, मधल्या खळग्यात स्वच्छ. आठवडा झाला, हे पाय जमिनीला लागले नव्हते.

मंजुश्रीनं कारण शोधलं. चादर मळकी असेल. वॉर्डातला शिपाई मष्णूमामा फरशी पुसतो तेव्हा शिंतोडे उडत असतील. तिनं ओल्या फडक्यानं तळवे घासून काढले. फडक्याला फिनेलचा वास आला.

मंगळवारी पाय पुन्हा काळे. बुधवारीही. उजव्या हाताची बोटं, जी मेल्यासारखी पडून असायची, त्यांच्या टोकांना स्पिरिटनं पडते तशी पांढरी कोरडी साल सुटली होती. आणि श्वास. सकाळी श्वास संथ असायचा. दोन वाजले की तो जिना चढून आल्यासारखा व्हायचा, आणि रात्री आठला हळूहळू उतरायचा.

"सिस्टर, हिचे पाय बघा की."

रचनानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "धुवा." आणि निघून गेली.

बुधवारी डॉक्टरांनी छाती तपासली, कागद चाळले, कपाळाला आठ्या घातल्या. "फुप्फुस साफ आहे. मेंदूची सूज उतरलीय. खरं म्हणजे यांनी आता डोळे उघडायला हवेत. पण हृदय थकत चाललंय." ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "झोपलेलं माणूस इतकं दमेल कशानं?"

"वाचेल ना, डॉक्टर?"

"असंच चाललं तर दोन दिवस," ते म्हणाले, आणि अठराव्या खाटेकडं वळले.

मंजुश्री चटईवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. ती त्या मुंग्या जाण्याची वाट बघत बसली.

६

गुरुवारी तीनच्या सुमाराला ती तांब्या भरून परत येत होती. दुपारचं ऊन खिडक्यांतून आडवं पडलं होतं, फरशीवरचा प्रत्येक ओरखडा दिसेल असं. बाविसाव्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. पडदा जमिनीपासून वीतभर वर. रचना सिस्टर टेबलापाशी उभी राहून फोनवर बोलत होती. "सर, निदान एक तरी पाठवा," ती म्हणत होती. "हो. हो. मागच्या महिन्यातही आपण हेच म्हणालात."

पडद्याच्या खाली दोन पाय होते.

मंजुश्री थांबली. या वेळी तिनं मान फिरवली नाही, डोळे मिटले नाहीत.

अनवाणी पाय. डावा सरळ पडत होता, उजवा घासत, ओढत यायचा. खाटेच्या या बाजूनं त्या बाजूला. थांबायचे, चवड्यावर उचलायचे, म्हणजे वर हात गेला असणार, बाटलीकडं. ओढताना उजवा तळवा उलटा पडला की चवड्याखाली एक घट्टा दिसायचा, रुपयाएवढा. माग चालवताना पायानं दाबायची पावडी असते. तीस वर्षं ती दाबली की तिथं तसा घट्टा पडतो. लहानपणी मंजुश्री त्या घट्ट्यावर खडूनं डोळे-नाक काढायची, आणि आक्का माग न थांबवता हसायची.

तिनं सतरा नंबरकडं बघितलं. आक्का खाटेवर होती. तोंड उघडं, छाती भात्यासारखी वर-खाली, आणि चादरीबाहेर आलेला उजवा पाय अगदी बारीक हलत होता. घासत, ओढत.

तांब्या खाली ठेवायला हवा असं मंजुश्रीला वाटलं. तो तिनं नीट खाली ठेवला. एक थेंब सांडला नाही.

वेणीची गाठ. धागा तुटला की तो जोडायची गाठ, बोटाला लागू नये अशी.

आणि मग तिला आपले शब्द आठवले, शुक्रवारचे. ती सिस्टरांना नेहमी अहो-जाहो करायची, परक्या बाईला ती कधी अगं म्हणाली नव्हती. पण आक्का हा शब्द तोंडातून निघाला, आणि त्याच्यामागून जन्मभराच्या सवयीनं जे येतं तेच आलं. ती 'या, बसा' म्हणाली नव्हती. 'ये, बस' म्हणाली होती. जगात एकाच आक्काला ती ये म्हणत होती.

पडदा हलला. तिनं मान फिरवली. बघायचं धैर्य नव्हतं म्हणून नाही. आक्काला आपण बघितलेलं आवडणार नाही, असं तिला वाटलं.

७

शुक्रवारी दोनला दहा मिनिटं असताना ती खुर्चीपाशी गेली. तांदूळ पिवळे पडले होते, मधोमध खळगा पडला होता, कुणी रोज बसल्यासारखा. तिनं सुपारी उचलली.

"आक्का, ऊठ गं. झालं तुझं. आता जा."

सुपारी मुठीत घेऊन ती सतरा नंबरला आली. आक्काचा श्वास उतरत होता. घड्याळात दोन वाजले, सव्वादोन झाले, तरी संथ. ओठांवर थोडा रंग आला. मंजुश्रीनं तिचे तळवे पुसले आणि फडकं स्वच्छ निघालं. किती दिवसांनी तिनं मोकळा श्वास घेतला.

अडीचला चार नंबरच्या नळीत रक्त उलटं चढलं. ती मुलगी ओरडली. रचना सिस्टर तिकडं धावली. तेवढ्यात बाविसाव्या खाटेचा ऑक्सिजन संपला.

"मष्णूमामा, सिलिंडर!" रचना ओरडली, आणि मान वळवून दुसऱ्या खुर्चीला म्हणाली, "नऊ नंबर बघा तुम्ही!"

नऊ नंबरला तानीबाईंनी दुपारचा चहा स्वतःच उठून प्यायला बघितला होता. रोज कुणीतरी मागून पाठीला उशी लावायचं. आज लावली नव्हती. त्या एका बाजूला कलंडल्या होत्या, चहा नाकातोंडातून येत होता, डोळे वर गेलेले.

मंजुश्री धावली. तिनं त्यांना उठवून धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. आणखी काय करायचं तिला ठाऊक नव्हतं. "सिस्टर! सिस्टर!" रचना एका हातानं सिलिंडरची चावी फिरवत होती, दुसऱ्या हातानं बाविसाव्या बाईचं तोंड धरून होती. ती सोडू शकत नव्हती.

तानीबाईंनी मंजुश्रीचा हात धरला. अंगठा चाचपला. तो मऊ लागला असावा, कारण त्यांनी हात सोडून दिला.

रचना आली तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं. तिनं तरी केलं, दहा मिनिटं. मग घड्याळ बघितलं आणि वेळ लिहिली.

चादर बदलली. गादी पुसली. वेणीची गाठ कुणीच सोडली नाही.

रचना सिस्टर टेबलाशी आली. दुसऱ्या खुर्चीतल्या नुसत्या तांदळाकडं तिनं बघितलं. ड्रॉवरमधून कागद काढला, उलगडला आणि तारखेच्या जागी पेन टेकवलं.

८

"सिस्टर," मंजुश्री म्हणाली, "पाच मिनिटं थांबा."

"कशाला, ताई?"

"आज शुक्रवार आहे. माझा दुसरा."

रचनानं तिच्याकडं बघितलं. पेन तसंच टेकलेलं, शाई एका ठिकाणी पसरत होती.

मंजुश्रीनं मागं वळून वॉर्ड बघितला. बावीस नंबरची बाई पुन्हा श्वास घेत होती. चार नंबरची मुलगी हुंदके देत होती. सतरा नंबरला आक्काच्या पापण्या थरथरत होत्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आता ती जागी होईल. जागी झाल्यावर तिला पेज लागेल, वळवायला कुणी लागेल, आणि हा कागद ऑफिसात गेला तर फळ्यावरच्या तिन्ही ओळींत एकच शब्द असेल.

आपल्याला यातलं काही येत नाही, असं तिला वाटलं. मग वाटलं, आक्काला तरी कुठं येत होतं?

तिनं तांदूळ सारखे केले. सुपारी मांडली. कुंकू लावलं. या वेळी चूक होऊ द्यायची नव्हती, म्हणून तिनं नाव घेतलं, पूर्ण, माहेरच्या घराण्यासकट, आणि सावकाश म्हणाली, "ये. बस."

घड्याळाचा आवाज थांबला, किंवा ऐकू येईनासा झाला. पायाच्या मुंग्या गेल्या. पायच गेल्यासारखे गेले. हातांना थंडी लागली नाही, पण हात थंड होते. अंगात काही दुखत नव्हतं, काही भीती नव्हती. खुर्ची करकरली. कुठल्या खाटेचं काय राहिलंय ते आपोआप समजत होतं, घरातल्या कामांसारखं.

"आलात?" शेजारून रचना सिस्टर म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती. कागदाची घडी घालून ती ड्रॉवरमध्ये ठेवत होती. "बरं झालं. चार नंबरचं सलाईन बघा आधी."

तिनं चार नंबरचं सलाईन बघितलं. अकरा नंबरला वळवलं. तेविसाव्या खाटेवरची म्हातारी भिंतीकडं तोंड करून रडत होती, तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हातारीनं मागं बघितलं नाही. हात हलका आहे, एवढंच पुटपुटली.

सतरा नंबरला हालचाल झाली.

आक्कानं डोळे उघडले होते. पंख्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, डावा हात खाटेवरून खाली सोडला आणि शेजारच्या चटईवर चाचपलं. चटईवर एक बाई कुशीवर झोपली होती. अंगावर मंजुश्रीची डाळिंबी इरकल होती. तोंड पलीकडं. तळवे इकडं, आणि ते स्वच्छ होते अजून, नुकतीच दुपार होती.

"मंजे," आक्का म्हणाली. जीभ जड होती, शब्द लोळत आला. "मंजे, ऊठ की गं."

चटईवरची बाई उठली नाही. श्वास तेवढा चालला होता, जिना चढून आल्यासारखा.

आक्कानं मान उचलून वॉर्डात इकडंतिकडं बघितलं. तिची नजर खुर्च्यांवर आली. पहिल्या खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर आली, आणि तिथं थांबली. उन्हात डोळे बारीक करून ती बघत राहिली. ओळखीचं काहीतरी दिसतंय का, अशी. मग तिनं पदर सारखा केला, परक्या माणसासमोर करतात तसा.

"अहो सिस्टर," ती अदबीनं म्हणाली, "जरा इकडं या की. माझी बहीण खाली पडलीया. उठंना झालीय."